कोड्याचा उत्सव : पाटणचा शिलालेख, लीलावती आणि रुबिकचा घन

१

कोड्यांवर प्रेम करणाऱ्यांच्या दृष्टीने २०१४ हे साल दुहेरी स्मरणाचे होते. बुडापेस्टमध्ये अध्यापन करणाऱ्या एर्नो रुबिक यांनी १९७४ साली जो रंगीत, फिरता घन तयार केला त्याला त्या वर्षी चाळीस वर्षे पूर्ण झाली. आणि भास्कराचार्यांच्या जन्माला नऊशे. आपला जन्मशक भास्कराचार्यांनी स्वतःच नोंदवून ठेवला आहे. शके १०३६, म्हणजे इ.स. १११४, हे त्यांचे जन्मवर्ष. वयाच्या छत्तिसाव्या वर्षी त्यांनी 'सिद्धांतशिरोमणी' रचला आणि 'लीलावती' हा त्याचाच पहिला भाग.

घनाचे स्मरण जगभर झाले. १९ मे २०१४ रोजी गूगलने आपल्या मुखपृष्ठावर फिरवता येणारा घन ठेवला होता. जळगाव-धुळ्यात संगणकापुढे बसलेल्या माणसालाही त्या दिवशी त्या उत्सवात हात घालता येत होता. अमेरिकेत जर्सी सिटीच्या विज्ञानकेंद्रात त्याच वर्षी या घनावर मोठे प्रदर्शन भरले. इकडे ठाण्यात विद्या प्रसारक मंडळाने सप्टेंबर २०१४ मध्ये भास्कराचार्यांवर आंतरराष्ट्रीय परिषद घेतली आणि तेथील निबंधांचा ग्रंथ २०१९ साली प्रसिद्ध झाला.

ही दोन स्मरणे आम्ही शेजारी शेजारी ठेवतो आहोत ती केवळ सालाच्या योगायोगामुळे नव्हे. कोड्याचा सार्वजनिक उत्सव कसा करावा, या प्रश्नाचे एक फार जुने उत्तर खानदेशात, चाळीसगाव तालुक्यातील पाटण येथे, दगडावर कोरलेले आहे. त्या उत्तराचा महत्त्वाचा भाग मराठीत आहे. प्राचीन मराठीचा अभ्यास करणाऱ्यांना तो लेख परिचित असतो. परंतु तो ज्या कारणासाठी कोरला गेला ते कारण मात्र अभ्यासात क्वचितच डोकावते. या लेखात त्याच कारणाकडे वळायचे आहे. परंतु त्याआधी कोडे म्हणजे काय आणि ते 'साजरे' होते म्हणजे नेमके काय होते, हे पाहिले पाहिजे.

२

रुबिक यांचा घन खेळणे म्हणून जन्माला आला नाही. अनेक तुकडे स्वतंत्रपणे फिरावेत, तरीही एकमेकांपासून सुटू नयेत, अशी रचना शक्य आहे का, हा त्यांच्यापुढचा प्रश्न होता. रचना साधली, पण बाजूंना रंग देऊन ती चार वेळा फिरवताच रंग विखुरले आणि कर्त्यालाच मूळ स्थिती परत आणता येईना. स्वतःचे कोडे सोडवायला रुबिक यांना महिन्याहून अधिक काळ लागला. १९७७ च्या अखेरीस हा घन हंगेरीच्या दुकानांत 'जादूचा घन' या नावाने आला आणि १९८० पासून कर्त्याच्या नावाने जगभर विकला जाऊ लागला. ५ जून १९८२ रोजी बुडापेस्टमध्ये पहिली जागतिक स्पर्धा झाली. मिन्ह थाई या तरुणाने २२.९५ सेकंदांत घन सोडवून ती जिंकली. मधल्या काळात लाट ओसरली, पण २००४ साली जागतिक संघटना स्थापन झाली आणि घन पुन्हा सभागृहांत आला.

या स्पर्धांची रीत ध्यानात घेण्याजोगी आहे. एका फेरीतील गटाला विस्कटलेला घन एकाच पद्धतीने विस्कटून दिला जातो, म्हणजे प्रश्न सर्वांना सारखाच. पाहून घेण्यासाठी पंधरा सेकंद मिळतात. आणि पुष्कळदा स्पर्धकच आळीपाळीने परीक्षकाच्या खुर्चीवर बसतात. आपला घन सोडवून झालेला मुलगा दुसऱ्याच्या घडाळ्यावर लक्ष ठेवतो, तिसऱ्यासाठी घन विस्कटून देतो. कोडे सोडवणारा आणि कोडे राखणारा यांत येथे भिंत नाही. प्रदर्शनात काचेआड ठेवलेला सुटलेला घन ही शोभेची वस्तू आहे. स्पर्धेच्या मेजावर विस्कटून दुसऱ्याच्या हाती दिलेला घन हे कोडे आहे. उत्सव या दुसऱ्या घनाचा असतो.

आता या घनातील संख्येकडे येऊ. त्याच्या संभाव्य स्थिती ४,३२,५२,००,३२,७४,४८,९८,५६,००० इतक्या आहेत. ही संख्या इंग्रजी मोजणीत सांगितली की नुसती प्रचंड वाटते; आपल्या जुन्या मोजणीत तिला चेहरा येतो. 'लीलावती'च्या आरंभी भास्कराचार्य एक, दश, शत, सहस्र असे करत अठराव्या स्थानावर परार्धापाशी थांबतात. घनाच्या स्थिती त्या परार्धाच्या चारशे बत्तीसपट भरतात. एवढ्या स्थितींपैकी कोणत्याही स्थितीतून जास्तीत जास्त वीस खेळींत बाहेर पडता येते, हे २०१० साली चार संशोधकांनी संगणकांच्या साह्याने सिद्ध केले.

ही संख्या येते कोठून? घनाला आठ कोपरे आहेत. आठ वस्तू आठ जागी किती प्रकारे मांडता येतील, हा त्या हिशेबातील पहिला प्रश्न. आणि त्याचे उत्तर ४०,३२०. मग बारा कडा, मग प्रत्येक तुकड्याचे वळण, मग एकूण रचनेवरील निर्बंध. घन सुटा करून तुकडे मनाला येतील तसे जोडले, तर बारांपैकी अकरा वेळा तो कधीच सुटणार नाही. मांडणी आणि मांडणीवरचा निर्बंध, या दोन गोष्टींवर हे सारे खेळणे उभे आहे.

३

हाच ४०,३२० चा आकडा 'लीलावती'त आहे. ग्रंथाच्या शेवटच्या प्रकरणाचे नाव 'अंकपाश'. दोनपासून नऊपर्यंतचे आठ अंक घेऊन किती वेगवेगळ्या संख्या होतील आणि त्या सर्वांची बेरीज किती येईल, असे भास्कराचार्य विचारतात. संख्या ४०,३२०, बेरीज २४,६३,९९,९९,७५,३६०. रुबिक यांच्या घनाचे आठ कोपरे आणि लीलावतीचे आठ अंक यांच्यात आठशे वर्षांहून मोठे अंतर आहे, पण प्रश्न तोच.

त्याच प्रकरणात हे गणित देवांच्या हाती दिले आहे. शंकराच्या दहा हातांत पाश, अंकुश, सर्प, डमरू, कपाल, त्रिशूल इत्यादी दहा आयुधे आहेत. ती आलटूनपालटून धरली तर मूर्तीचे भेद किती होतील? ३६,२८,८००. आणि गदा, चक्र, कमळ, शंख ही चार धारण करणाऱ्या विष्णूचे? चोवीस. वैष्णव परंपरेत केशव, नारायण, माधव अशी चोवीस नावे आयुधांच्या क्रमानुसार मूर्तीशी जोडलेली आहेत, हे मूर्तिशास्त्राच्या अभ्यासकांना ठाऊक आहे. ज्या समाजात देवळातील मूर्ती रोज डोळ्यांसमोर होती, त्या समाजातील विद्यार्थ्याला हे कोडे परके वाटले नसणार.

निर्बंधांचाही विचार येथे आहे. ४, ८, ५, ५, ५ या अंकांत पाच तीनदा आला आहे, तेव्हा संख्या किती? एकशे वीस नव्हे, तर वीस. पाच स्थानांवर शून्य वगळून असे अंक ठेवावेत की त्यांची बेरीज तेरा व्हावी. अशा संख्या किती? चारशे पंचाण्णव. आणि प्रकरणाच्या अखेरीस आचार्यांचा एक मिस्कील शेरा आहे. त्याचा आशय असा : येथे गुणाकार विचारलेला नाही, भागाकार नाही, वर्ग नाही की घन नाही, तरीसुद्धा गर्विष्ठ पोरगेल्या गणकांचे या पाशात पतन व्हायचेच. 'पाश' या शब्दावरील हा श्लेष वाङ्मयाच्या विद्यार्थ्याने तरी सोडू नये.

'लीलावती' हे काव्य आहे की गणित, हा वाद येथे उकरण्याचे कारण नाही. आम्हाला एवढेच नोंदवायचे आहे की तिची रचना संवादाची आहे. कोणीतरी कोणाला तरी विचारतो. कधी 'बाळे', कधी 'सखे', कधी 'गणका' असे संबोधन येते आणि 'जाणत असशील तर सांग' असे आव्हान येते. बत्तीस हात उंच वेळू वाऱ्याने मोडला आणि त्याचे टोक बुंध्यापासून सोळा हातांवर जमिनीला टेकले. तो किती उंचीवर मोडला? बारा हातांवर. नऊ हात उंच खांबावर मोर बसला आहे, खांबाच्या तळाशी बीळ आहे आणि सत्तावीस हातांवरून साप बिळाकडे येत आहे. दोघे सारखेच अंतर चालून गेले, तर मोर सापाला बिळापासून किती अंतरावर गाठेल? तेही बारा हातांवर. वाचणारा या चित्रांत रमतो आणि रमता रमता काटकोन त्रिकोण शिकतो. मुलीच्या लग्नाची घटिका चुकली आणि तिच्या सांत्वनासाठी ग्रंथ रचला, ही सुप्रसिद्ध आख्यायिका फैजीच्या १५८७ सालच्या फारसी भाषांतरात येते. स्वतः भास्कराचार्यांनी असे काही म्हटलेले नाही. परंतु आख्यायिका का निर्माण झाली ते समजते. ग्रंथात कोणालातरी इतक्या जिव्हाळ्याने प्रश्न विचारलेले आहेत की ती व्यक्ती कोण, हे वाचकाला जाणून घ्यावेसे वाटते.

विचारणारा आणि उत्तर देणारा अशी दोन माणसे असल्याशिवाय असा ग्रंथ जिवंत राहू शकत नाही. त्या दोघांची सोय कोणीतरी लावावी लागते.

४

चाळीसगावच्या नैर्ऋत्येला सुमारे १८ किलोमीटरवर, सातमाळ्याच्या डोंगरकुशीत पाटण आहे. आज तेथे चंडिकेचे, म्हणजे पाटणादेवीचे, प्राचीन देऊळ आहे, गौताळा-औट्रमघाट अभयारण्याचे रान आहे, आणि जवळच पितळखोऱ्याची लेणी आहेत. शहर राहिलेले नाही. तेराव्या शतकाच्या आरंभी मात्र हे यादवांच्या मांडलिकांचे, निकुंभ घराण्याचे, नांदते ठिकाण होते. येथील शिलालेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी उजेडात आणला आणि १८६५ साली त्याची माहिती विद्वानांपुढे ठेवली. पुढे कीलहॉर्न यांनी त्याचे संपादन केले. शं. गो. तुळपुळे यांच्या 'प्राचीन मराठी कोरीव लेख' या १९६३ सालच्या ग्रंथामुळे तो मराठीच्या अभ्यासक्रमांना सुपरिचित झाला.

लेखाच्या संस्कृत भागात भास्कराचार्यांच्या घराण्याची वंशावळ आहे : त्रिविक्रम, भास्करभट्ट, गोविंद, प्रभाकर, मनोरथ, महेश्वर, भास्कर, लक्ष्मीधर, चंगदेव. लक्ष्मीधराची विद्या पाहून जैत्रपाल यादवाने त्याला पाटणहून आपल्याकडे नेले. त्याचा मुलगा चंगदेव सिंघण यादवाचा मुख्य ज्योतिषी झाला. आजोबांच्या ग्रंथांचे, 'सिद्धांतशिरोमणी'चे आणि घराण्यातील इतरांच्याही ग्रंथांचे, अध्ययन चालावे म्हणून या चंगदेवाने पाटणला मठ स्थापला. सोइदेव निकुंभाने त्या मठाला दान दिले. शक ११२८, प्रभव संवत्सर, श्रावणातील पौर्णिमा, चंद्रग्रहणाची वेळ. इसवी सनाप्रमाणे १२०७. सर्व जनांच्या समक्ष, हातावर पाणी सोडून दान दिले, असे लेख सांगतो. पुढे सोइदेवाचा धाकटा भाऊ हेमाडिदेव यानेही मठाला हात दिला.

ग्रहणकाळी दान देणे ही सर्वत्र चालणारी प्रथा होती. पण या दानाच्या बाबतीत त्या प्रथेला वेगळा अर्थ येतो. चंद्रग्रहण केव्हा लागणार आणि केव्हा सुटणार, हे काढण्याची विद्याच त्या मठात शिकवली जाणार होती. ग्रहणाचे गणित बरोबर की चूक याचा निकाल आकाशात सर्वांच्या डोळ्यांदेखत लागतो. 'उत्सव' हा शब्द लेखात नाही. परंतु ज्या रात्री सारे गाव आकाशाकडे पाहत असेल, त्याच वेळी गणिताच्या मठाला जाहीरपणे दान मिळावे, याहून गणिताचा अधिक उचित असा सार्वजनिक सोहळा आम्हाला सुचत नाही.

आणि मग लेखाची भाषा बदलते. वंशावळ आणि स्तुती संस्कृतात. पण पैशाचा व्यवहार आला की मराठी सुरू होते, कारण तो व्यवहार बाजारातल्या माणसाला कळला पाहिजे. पाटणमध्ये जो माल विक्रीला उघडेल, त्यावर ग्राहकाकडून राजाला मिळणारे उत्पन्न आता मठाला दिले. ग्राहकाकडून पाच पोफळी. तेलाच्या घाण्यामागे पळीभर तेल. येथे जे मापले जाईल ते मठाच्या मापाने मापावे. मापणावळ अर्धी मठाला, अर्धी माप करणाऱ्यांना.

या ओळी पुन्हा पुन्हा वाचाव्यात अशा आहेत. लीलावतीतील वेळू आणि मोर, शंकराची दहा आयुधे, परार्धापर्यंत जाणारी संख्या, हे सारे शिकवले जावे यासाठी कोण खर्च करीत होते? सुपारी विकत घेणारा. तेली. माप भरणारा. त्यांपैकी कितीजणांनी 'अंकपाश' हा शब्द ऐकला असेल, हे सांगता येत नाही. परंतु त्यांच्या दिव्यातील तेलाचा एक पळीभर वाटा ती कोडी सोडवणाऱ्या मुलांच्या दिव्यात जात होता. मापाविषयीचे कलम तर विशेष बोलके आहे. गणिताच्या मठाचे माप हेच गावाचे प्रमाणभूत माप ठरले. अचूकतेची जबाबदारी मठाकडे आली आणि तिचा मोबदला त्याला मिळाला. दान एका बाजूला आणि विद्या दुसऱ्या बाजूला असे येथे झालेले नाही. बाजार आणि पाठशाळा एकाच मापाने बांधली गेली.

याच घराण्याची दुसरी खूण याच तालुक्यात, बहाळ येथे आहे. भास्कराचार्यांचे बंधू श्रीपती यांचा नातू अनंतदेव, तोही सिंघणाच्या पदरी ज्योतिषी होता. त्याने शके ११४४, म्हणजे १२२२ साली, तेथे भवानीचे देऊळ बांधल्याचा लेख आहे. एकाच घरातील एक नातू मठ स्थापतो आणि दुसरा देऊळ बांधतो, असे हे चित्र आहे.

५

पाटणचा लेख मराठीच्या वर्गात कसा वाचला जातो, हे या पानाच्या वाचकांना सांगण्याची गरज नाही. तृतीयेची आणि सामान्यरूपाची रूपे पाहिली जातात, 'मढ' या शब्दाची व्युत्पत्ती सांगितली जाते, श्रवणबेळगोळ आणि अक्षी येथील लेखांच्या मालिकेत त्याला जागा दिली जाते आणि परीक्षेपुरते काम संपते. हे काम आवश्यकच आहे. भाषेच्या इतिहासाला या पाचसहा ओळींनी फार मोठा आधार दिला आहे. परंतु वाक्याचे व्याकरण सांगून वाक्याचा विषय न सांगणे म्हणजे अर्धेच वाचन होय. त्या वाक्याचा विषय कोडी शिकवण्याचा खर्च हा आहे.

'लीलावती'ची स्थिती याहून विचित्र आहे. ती पद्यात आहे म्हणून गणिताचे विभाग तिला इतिहासाच्या तासापुरते बोलावतात. ती गणित आहे म्हणून साहित्याचे विभाग तिला बोलावतच नाहीत. १८१६ व १८१७ साली टेलर आणि कोलब्रुक यांनी तिची इंग्रजी भाषांतरे केली, त्याआधी १५४५ साली गणेश दैवज्ञाने तिच्यावर 'बुद्धिविलासिनी' टीका लिहिली, मराठीत ना. ह. फडके यांचे 'लीलावती पुनर्दर्शन' १९७१ मध्ये आले. साधने आहेत. अभाव आहे तो एका वर्गात बसून मोठ्याने प्रश्न विचारण्याचा आणि कागदावर उत्तर काढण्याचा.

खानदेशाला जपणुकीची परंपरा नवी नाही. धुळ्यात शंकरराव देव यांनी १८९३ साली सत्कार्योत्तेजक सभा स्थापली आणि रामदासी वाङ्मयाची बाडे गावोगावच्या मठांतून गोळा केली. आज ती समर्थ वाग्देवता मंदिरात आहेत. ३१ डिसेंबर १९२६ रोजी इतिहासाचार्य राजवाडे यांचे निधन झाले आणि लगोलग त्याच शहरात त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ उभे राहून त्यांची दप्तरे सुरक्षित झाली. जिल्ह्याच्या एका गावात स्थानिक माणसांच्या वर्गणीवर आणि कष्टांवर विद्येचे साधन टिकते, याचे हे विसाव्या शतकातील पुरावे होत. पाटणच्या तेल्याने दिलेल्या पळीभर तेलाशी त्यांचे नाते आहे, असे म्हटले तर ती अतिशयोक्ती होऊ नये. जपणुकीचा अर्धा भाग धुळ्याने पार पाडला. उरलेला अर्धा भाग अध्यापनाचा. चंगदेवाचा मठ त्यासाठी होता.

६

जयंतीचा उत्सव करताना आपण सहसा पुतळा, प्रतिमा, नामकरण आणि व्याख्यान या चार गोष्टींकडे वळतो. त्यांत वावगे काही नाही. परंतु कोड्याच्या कर्त्याचा गौरव आणि कोड्याचा उत्सव या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्यासाठी हार पुरतो. दुसऱ्यासाठी कोडे विस्कटून समोरच्याच्या हातात द्यावे लागते आणि तो ते सोडवीपर्यंत तेथे थांबावे लागते. रुबिकच्या घनाचे स्पर्धक हे एका मेजाभोवती करतात. चंगदेवाने ते एका गावाच्या बाजाराभोवती केले, आणि तेही अशा रीतीने की स्थापना करणारा गेल्यावरही व्यवस्था चालावी.

या दोन्हींतून जळगाव-धुळ्याच्या महाविद्यालयांना अगदी साधी गोष्ट घेता येईल. प्राचीन मराठीच्या तासाला पाटणचा लेख शिकवताना शिक्षकाने फळ्यावर 'अंकपाशा'तील एक प्रश्न लिहावा : ४, ८, ५, ५, ५. गणिताच्या विभागातील एखादा विद्यार्थी त्या तासाला पाहुणा म्हणून बोलवावा आणि त्याच्या हातात घन असेल तर तोही मेजावर ठेवावा. आठ कोपऱ्यांचे ४०,३२० क्रम त्याने मोजून दाखवावेत. मराठीच्या विद्यार्थिनीने त्याला 'मठाच्या मापाने मापावे' या कलमाचा अर्थ सांगावा. अनुदान लागत नाही, समिती लागत नाही. श्रावणातील पौर्णिमा दरवर्षी येते आणि पाटण चाळीसगावाहून दूर नाही. ज्यांना तास देवळाच्या आवारात घ्यावासा वाटेल त्यांनी तेथे घ्यावा.

खर्चाचा प्रश्न निघालाच, तर पाच सुपाऱ्यांपासून सुरुवात करता येईल. तेवढ्याची तरतूद त्या दगडाने आधीच करून ठेवलेली आहे.